इन्सिजनच्या आधीची दहा मिनिटं: डॉ. राजेंद्र बडवे आणि तीस वर्षं पुरलेला एक प्रश्न

२०११ साली परळच्या टाटा मेमोरियलमधून एक पेपर बाहेर आला. एक हजार बायका, सगळ्यांना ऑपरेशन करण्याजोगा ब्रेस्ट कॅन्सर. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे पाळीच्या चक्रातल्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनच्या औषधी प्रकाराचं, ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन दिलं, आणि उरलेल्यांचं नेहमीसारखं नुसतंच ऑपरेशन. इतकी वर्षं राबून निकाल काय तर सगळ्यांचा मिळून हिशोब केला की फरक पडला असं म्हणता येत नाही, पाच वर्षं आजार न उलटलेल्या इंजेक्शनवाल्या बाजूला ७३.९ टक्के आणि नुसत्या ऑपरेशनवाल्या बाजूला ७०.२. पण काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोचलेल्या ४७१ जणी वेगळ्या काढल्या तर तिथं मात्र ६५.३ विरुद्ध ५४.७.

आता याला काय म्हणायचं? होकार म्हणावं तर मुख्य निकाल निगेटिव्ह, नकार म्हणावं तर दहा टक्क्यांचा फरक समोर दिसतोय. ट्रायलचे प्रमुख डॉ. राजेंद्र बडवे, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची पुढची ट्रायल सुरू झाली, ज्यात प्रोजेस्टेरॉनचं नावही नव्हतं. मला या केस स्टडीत तेवढाच प्रसंग नीट उकलून बघायचाय. आमच्याकडे सर्जरीत पीजी करणारी पोरं दरवर्षी विचारतात की सर, अकॅडमिक ऑन्कॉलॉजी, म्हणजे कॅन्सरवरचं संशोधनाचं काम, म्हणजे नक्की काय हो, पेपर छापणं आणि कॉन्फरन्सला जाणं का, आणि मग मी व्याख्यान देण्यापेक्षा ही केस काढतो.

आधी प्रश्न कुठून आला ते बघू, नाहीतर इंजेक्शन अधांतरी वाटेल.

१९९१ चा लॅन्सेट, इंग्लंडचं नावाजलेलं मेडिकल जर्नल. बडवे तेव्हा लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या लोकांबरोबर काम करत होते आणि पेपरवर पहिलं नाव त्यांचंच. पाळी चालू असलेल्या २४९ बायकांच्या जुन्या फाइली काढल्या आणि बघितलं काय, तर ऑपरेशन झालं त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता! शेवटच्या पाळीनंतर तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ज्यांच्यावर सुरी चालली त्यांच्यातल्या ५४ टक्के दहा वर्षांनी जिवंत होत्या, आणि बाकीच्या दिवसात ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यातल्या ८४ टक्के. त्या तीन ते बारा दिवसांत शरीरात इस्ट्रोजेन एकटंच राज्य करत असतं, प्रोजेस्टेरॉन अजून आलेलं नसतं, तर कदाचित त्यामुळे असेल अशी मांडणी होती.

हे आकडे बघून कुणीही म्हणेल की मग उद्यापासून तारखा बघून ऑपरेशनं लावा. पण जुन्या फाइलींमधून काढलेल्या निष्कर्षाचं एक असतं, तो चटकन खरा वाटतो. पुढं जगभर लोकांनी आपापल्या फाइली उघडल्या, काहींना तसंच दिसलं, काहींना काहीच दिसलं नाही, काहींना उलटं. त्यात पाळीची तारीख म्हणजे पेशंटने आठवून सांगितलेली तारीख. आपल्या ओपीडीत बसलेल्या माणसाला हे सांगायला नको, "काकू, शेवटची पाळी कधी आली होती?" विचारलं की काकू शेजारच्या जावेकडे बघतात आणि जाऊ सांगते "गणपतीच्या आसपास".

तर पाळीच्या दिवसाचा नाद सोडून त्यांनी मूळ कल्पना उचलली. प्रोजेस्टेरॉनने फरक पडत असेल तर ते आपणच देऊ, सगळ्यांना एकाच वेळी, आणि चिठ्ठीने ठरवू कुणाला द्यायचं. ती ट्रायल म्हणजे वर सांगितलेली. या पायरीकडे पोरांचं लक्ष नसतं म्हणून मी तिथं थांबतो. फाइलींमधून दिसलेली गोष्ट घेऊन आयुष्यभर त्याचेच आणखी पेपर काढता येतात, सोपं असतं ते, प्रमोशनलाही पुरतं. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष ट्रायलमध्ये घालून तो मोडतो का ते बघायला वेगळी छाती लागते, कारण मोडला तर जगासमोर मोडतो.

आणि इथं तो अर्धा मोडलाच.

आता २०११ च्या त्या निकालावर परत येऊ. समोर तीन वाटा होत्या असं मला वाटतं (हे माझं वाचन आहे, त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही). एक, सगळं सोडून द्यायचं. दोन, त्या ४७१ जणींच्या आकड्यावर झेंडा रोवायचा आणि काखेत गाठी असलेल्या प्रत्येकीला प्रोजेस्टेरॉन द्या म्हणून देशभर सांगत फिरायचं. दुसरी वाट फार मोहाची, कारण ४७१ हा काही लहान आकडा नाही आणि तो गट आधीपासून ठरवलेला असला तरी मुख्य निकाल निगेटिव्ह असताना पोटगटातला फायदा म्हणजे पुढच्या ट्रायलचं कारण, उपचाराचं नव्हे, हे एमएसच्या परीक्षेत सगळे लिहितात आणि स्वतःचा डेटा आला की विसरतात. तिसरी वाट म्हणजे प्रश्नच आणखी सोलायचा. पाळी, हार्मोन, सगळी सालं काढली तर आत उरतं एवढंच: गाठीला हात लावण्याचा जो क्षण आहे, त्या क्षणी कॅन्सरच्या पेशींना काहीतरी होतं का, आणि तेवढ्या वेळापुरतं त्यांना रोखता येतं का?

मध्येच एक वेगळी ट्रायल चालू होती तीही याच धाग्यातली. ज्यांचा ब्रेस्ट कॅन्सर निदानाच्या वेळीच हाडात, लिव्हरमध्ये, फुप्फुसात पसरलेला आहे त्यांची छातीतली मूळ गाठ काढून फायदा होतो का. तोपर्यंत फाइलींवरून सगळे म्हणत होते होतो, काढलेल्या बायका जास्त जगतात. अहो जगणारच, तब्येतीने बऱ्या असलेल्यांनाच सर्जन टेबलवर घेतो. टाटाने ३५० बायका घेतल्या, आधी केमो देऊन ज्यांना गुण आला त्यांच्यात चिठ्ठ्या टाकल्या, आणि २०१५ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत छापलं की फरक नाही, ऑपरेशन केलेल्यांचं मध्य आयुर्मान १९.२ महिने, न केलेल्यांचं २०.५. छातीवरचा आजार ताब्यात राहिला, पण लांबचा आजार ऑपरेशनवाल्या गटात उलट लवकर वाढला. पुढं अमेरिकेतल्या ट्रायलमध्येही जगण्यात फायदा दिसला नाही, तुर्कस्तानातल्या ट्रायलमध्ये दिसला, वाद अजून आहे, पण परळच्या निकालामुळे कित्येक बायकांचं उगाचचं ऑपरेशन टळलं असं म्हणायला माझी हरकत नाही. एका सर्जनने "इथं कापू नका" हे सिद्ध करून दाखवलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आणि लांबचा आजार लवकर वाढला हा जो भाग आहे ना, तो लिग्नोकेनच्या, म्हणजे डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेल्या त्या पुढच्या ट्रायलच्या, गोष्टीशेजारी ठेवून वाचला पाहिजे.

लिग्नोकेन म्हणजे आपलं झायलोकेन. दात काढताना देतात तेच. १९४३ साली स्वीडनमध्ये बनलेलं औषध, पेटंट कधीच संपलेलं, कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतं. ते मज्जातंतूच्या पेशीवरचे सोडियमचे चॅनल (सोडियम आत-बाहेर करणारी दारं) बंद करतं म्हणून बधिरपणा येतो. असेच चॅनल कॅन्सरच्या पेशींवरही असतात आणि त्यांच्या हालचालीशी, आजूबाजूला घुसण्याशी त्यांचा संबंध आहे असं लॅबमध्ये दिसलेलं. मग कल्पना अशी की गाठ काढायच्या आधी तिच्याभोवती सगळीकडून हे सोडायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग नेहमीचं ऑपरेशन करायचं. बाकी काही बदलायचं नाही.

डिसेंबर २०११ ते जानेवारी २०२२, भारतातली ११ सेंटर्स, १६०० बायका. निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसला युरोपच्या कॅन्सर कॉन्फरन्समध्ये मांडला आणि २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत छापून आला. लिग्नोकेन दिलेल्या विरुद्ध न दिलेल्या असं वाचा: पाच वर्षांनी आजाराशिवाय ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६, जिवंत ९०.१ विरुद्ध ८६.४. लांब पसरलेला आजार ८.५ टक्के विरुद्ध ११.६.

यावर आमच्या जर्नल क्लबमध्ये, म्हणजे पेपर एकत्र वाचायच्या बैठकीत, बरीच खडाजंगी झाली. सेकंड इयरची एक मुलगी, नगरची, एकदम म्हणाली, "सर, बातमीत मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी म्हटलंय आणि इथं तर चारही टक्के नाहीत, मग खरं काय?" दोन्ही खरं. ८६.४ वरून ९०.१ म्हणजे ३.७ चा फरक, म्हणजे साधारण २७ बायकांना दिलं तर पाच वर्षांत एकीचा जीव जास्तीचा वाचतो. २९ टक्के हा दोन गटांतल्या मृत्यूच्या वेगाची तुलना करून आलेला आकडा. पेपरवाल्यांना मोठा आकडा आवडतो. पण २७ मध्ये एक हे अजिबात थोडं नाही, लाखांच्या घरात खर्च असलेल्या काही औषधांना एवढं जमत नाही, आणि इथं खर्च शंभर रुपयांच्या आसपास.

मग थर्ड इयरच्या एकाने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. दुसऱ्या गटाला काहीच टोचलं नव्हतं. सलाइनसुद्धा नाही. म्हणजे गुण लिग्नोकेनचा, की गाठीभोवती नुसतं पाणी भरल्याचा, की त्या दहा मिनिटांच्या थांबण्याचा, हे या ट्रायलवरून सांगता येत नाही. आणि कुणाला दिलंय ते सर्जनला माहीत होतं. या दुसऱ्या मुद्द्याची मला तेवढी काळजी वाटत नाही, मृत्यू काही सर्जनच्या मनाप्रमाणे मोजला जात नाही. पहिला मुद्दा मात्र खराच आहे. सलाइनचा तिसरा गट ठेवला असता तर बायका आणखी कितीतरी लागल्या असत्या आणि वर्षंही, हे मान्य करूनसुद्धा. माझं मत असं की उपचार म्हणून वापरायला हरकत नाही, कारण नुकसान जवळपास नाही, पण "सोडियम चॅनलमुळे झालं" असं छातीठोक सांगू नये.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन थिएटरात काय होतं ते सांगतो, कारण पेपरमध्ये हे एका ओळीत येतं आणि करताना घाम फुटतो. लागतं ते ०.५ टक्के लिग्नोकेन, आपल्या कपाटात असतं ते २ टक्के. म्हणजे १५ मिली औषधात ४५ मिली सलाइन घातलं की ६० मिली तयार, त्यात एकूण ३०० मिलिग्रॅम. पण मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅमची. आपल्याकडे येणारी बाई ६७ किलोची असली तर पूर्ण ६० मिली चालेल, पण ४५ किलोची असली, आणि असतातच, तर जेमतेम ४० मिली, त्याच्यावर गेलात तर अॅनेस्थेशियाच्या मॅडम टेबलावरूनच हाकलतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. जागी असलेली पेशंट ओठांना मुंग्या येतात म्हणून सांगते, भूल दिलेली काय सांगणार, मॉनिटरवर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मग गाठीच्या सहाही बाजूंनी सोडायचं, वरून, चारी अंगांनी आणि खालून, दर वेळी सुई मागे ओढून रक्त येत नाही ना बघायचं. खालची बाजू अवघड, लोक तीच गाळतात.

आणि मग थांबायचं. नुसतं. हात बांधून. सकाळच्या लिस्टवर चार केसेस आहेत, बाहेर पुढचा पेशंट ट्रॉलीवर आहे, सिस्टर घड्याळाकडे बघतायत, वॉर्डबॉय मामा दारातून डोकावून विचारतायत "सर, पुढचं घेऊ का?", आणि तुम्ही दहा मिनिटं काहीही करायचं नाही. सर्जनला यापेक्षा मोठी शिक्षा नाही! आमच्याकडे तेवढ्या वेळात काखेकडचं ड्रेपिंग, लाइट, कॉटरी तपासून घ्यायची पद्धत पाडली तेव्हा कुठं लोक नीट दहा मिनिटं द्यायला लागले.

मग परत पोरांचा प्रश्न, हे परळलाच का झालं? एक तर पेशंट. टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर एक चक्कर मारा, बिहार, बंगाल, विदर्भ, कोकण सगळं तिथं भेटतं, फाइल पिशवीत घालून, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. हा भार म्हणजे रोजचा छळ आहे, तिथं काम केलेल्या कुणालाही विचारा, पण हजार-दीड हजारांची ट्रायल पुरी होते तीही त्यामुळेच. दुसरं म्हणजे संस्थेची घडण. टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं, १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं, १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे, आणि १९६६ मध्ये डॉ. खानोलकरांनी उभारलेल्या कॅन्सर रिसर्च सेंटरशी ते जोडलं गेलं. म्हणजे हॉस्पिटल आणि संशोधन एका छपराखाली, वर अशा खात्याचा हात की ज्याला दहा वर्षं वाट बघायची सवय आहे. झायलोकेनच्या ट्रायलला कुठली कंपनी पैसे देईल? विकायचं काय?

तिथल्या बाकीच्यांची कामं बघितली तरी हीच जात दिसते. डॉ. अनिल डिक्रूझ यांची तोंडाच्या कॅन्सरची ट्रायल, मानेत गाठ दिसायच्या आधीच मानेचं ऑपरेशन करावं की दिसल्यावर, दहा वर्षं पेशंट घेतले आणि २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं, तीन वर्षांनी जिवंत, आधीच केलेल्यांत ८० टक्के आणि दिसल्यावर केलेल्यांत ६७.५. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साध्या शिकलेल्या बायकांकडून व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी करवली, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. एकातही नवं मशीन नाही, नवं औषध नाही.

बडवे सरांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, बरीच वर्षं ते टाटा मेमोरियल सेंटरचे डायरेक्टर होते, २०१२ मध्ये देशभरची कॅन्सर सेंटर्स जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली त्यातही त्यांचा हात होता. डायरेक्टरकी म्हणजे टेंडरं, मीटिंगा, दिल्लीच्या वाऱ्या. लिग्नोकेनची ट्रायल चालली ती नेमकी याच वर्षांत. आमच्या क्षेत्रात खुर्ची मिळाली की ट्रायल सुटते हा नियमच झालाय, इथं तसं झालं नाही याचं श्रेय मी एकट्या माणसाला देत नाही. डेटा सांभाळणारे, फॉलोअपला फोन करून करून पेशंट शोधणारे, फॉर्म भरणारे लोक नसते तर ६८ महिन्यांचा मध्य फॉलोअप कुठून आला असता? आपल्या म्युनिसिपल हॉस्पिटलांत नेमकी हीच माणसं नसतात. आमच्याकडे डेटा एण्ट्री इंटर्न करतो, आणि तोही पीजीच्या अभ्यासाला बसला की संपलं.

मध्यंतरी एका पेशंटचा मुलगा मोबाइल पुढं करत म्हणाला, "डॉक्टर, हे शंभर रुपयांचं इंजेक्शन व्हॉट्सअॅपवर आलंय, आईला देणार ना?" त्याच्या आईची गाठ सात सेंटिमीटरची, त्वचेला चिकटलेली, तिला आधी केमो द्यावी लागणार होती. आणि आधी केमो झालेल्या बायका या ट्रायलमध्ये घेतलेल्याच नव्हत्या. त्याला बसवून तेवढंच सांगितलं, की दादा, हे चांगलंय पण आईसारख्या पेशंटवर तपासलेलं नाही. सध्या आमच्या युनिटमध्ये ठरलंय ते असं: थेट ऑपरेशनला येणाऱ्या प्रत्येकीला वजन बघून लिग्नोकेन, नोट्समध्ये किती मिली आणि किती मिनिटं थांबलो ते लिहायचं, आधी केमो झालेल्यांना नाही. अडचण एवढीच की आमच्या ओपीडीत येणाऱ्यांत मोठ्या गाठीवाल्याच जास्त, त्यामुळे ज्यांना हे देता येतं अशा बायका लिस्टवर कमीच असतात.